हिस्सेदार

मंगली औषधाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा दिव्यानी मोबाइलवर अर्चिषा कंपनीच्या शेअरचा भाव पाहत होती. बाजार नुकताच उघडला होता आणि भाव चढलेला होता.

"ताई," मंगली म्हणाली, "चैतूचा पिंटू कालपासून मुतलाच नाई."

मंगली ही कोसमटोल्याची आशाताई. धानोऱ्याहून डांबरी रस्ता सोडून आत जंगलात गेलं की तिचा टोला, लहानसा पाडा, लागतो. साधा ताप, हगवण, हिवतापाची रक्ततपासणी एवढं ती एकटी निभावून न्यायची आणि उगाच घाबरणारी बाई नव्हती. आज तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"खोकला होता पोट्ट्याले. रोवणीत सगळे चिखलात, कोण दवाखान्यात नेते? चैतूनं तुमच्या इथून ते गोड औषध नेलतं. दोन दिवस पाजलं. मंग उलट्या लागल्या. आता डोळे सुजले, पोट टम्म झालं. शेजारच्या पोट्टीलेही त्याच बाटलीतलं देल्लं होतं. तिचंबी तसंच. दोघाईले सकाळी गाडीत घालून गडचिरोलीले धाडलं." तिने कमरेच्या पिशवीतून बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. "यात तसं काई असते का ताई?"

बाटलीवर हसऱ्या मुलाचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरात 'अर्चिकफ'.

'नाही' हा शब्द दिव्यानीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडला. फार्मसीच्या कॉलेजात एक सर होते, ते शिकवता शिकवता एकदा खडू खाली ठेवून म्हणाले होते की सिरपात औषध थेंबभर असतं, बाकी सगळा असतो पातळ गोडवा, आणि तो गोडवा जर कुणी कारखान्यातल्या स्वस्त मालातून आणला तर लेकराची किडनी बंद पडते. लेकरू रडतसुद्धा नाही, नुसतं मुतायचं थांबतं. तेव्हा वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी हसलं होतं.

एका बाटलीतून पाजलेली दोन लेकरं. दोघांची लघवी बंद.

मग तिला आठवलं. परवा संध्याकाळी रिंकू खोकत होती. दुकान बंद करताना तिने कपाटातून एक अर्चिकफ उचलून पर्समध्ये टाकली होती आणि स्वतःच्या हाताने लेकीला पाजली होती. काल सकाळी पाजली. काल संध्याकाळीही.

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, उचलला.

"आई, रिंकू लघवीले गेली का?"

"काय व? गेली असन ना. मी का मांगं मांगं फिरतो तिच्या?"

"आता न्या तिले अंगणात. बसवा. फोन चालूच ठेवा."

पलीकडून बांगड्यांचा आवाज आला, कोंबडी हाकलल्याचा आवाज आला, रिंकूची किरकिर आली. दिव्यानी फोन कानाशी दाबून ऐकत राहिली. समोर मंगली तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"नाई येत म्हणते," इंदिराबाई म्हणाल्या. "बसली तशीच उठली. अन् सकाळी दोनदा ओकली. मले वाटलं, काल चिंगड्या खाल्ल्या, बाधल्या असतीन. काऊन, काय झालं?"

"मामाजीले गाडी पाहाले सांगा," तिने सासऱ्यांसाठी निरोप दिला. "तिले गडचिरोलीले न्या लागते. आत्ताच."

फोन ठेवल्यावर तिने आधी कपाटातल्या अर्चिकफच्या सगळ्या बाटल्या काढून खोक्यात भरल्या. घाईत एक बाटली फरशीवर फुटली. गोड वास दुकानभर पसरला. मुंग्या येतील, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

अर्चिषा तिला परकी नव्हती. स्टॉकिस्टकडून माल घेऊन येणारा चंदन एकदा म्हणाला होता, "मॅडम, माल विकता त्या कंपनीचे हिस्सेदार काऊन होत नाई? शेअर घ्या." दिव्यानीने विचार केला आणि तिला ते पटलं. मुंबईतले मोठे लोक कागदावरचे आकडे पाहून शेअर घेतात. आपल्याला तर काउंटरवर समोर दिसतं की लोक कोणती गोळी नाव घेऊन मागतात, कोणतं सिरप महिना संपायच्या आत संपतं. अर्चिषाचा माल स्वस्त होता, गोड होता आणि हातोहात जायचा. तिने थोडे शेअर घेतले. वाढले. आणखी घेतले. वनखात्यात गार्ड म्हणून अख्खी नोकरी जंगल राखण्यात घालवलेले तिचे सासरे गुणवंतराव एक दिवस तिच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, माह्या फंडाचे पैसे बँकेत झोपून राह्यले. तुले समजते त्यातलं. तूच लाव." तिने लावले. दोघांचीही खाती तिच्याच मोबाइलमध्ये होती. बसस्टँडवर कुणी विचारलं तर गुणवंतराव छाती फुगवून सांगायचे, "माही सून औषधाची कंपनी चालवते."

नवरा धनराज तेवढा पाठीशी नव्हता. त्याचं गावच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, मासोळीचं काम आणि घरची धानाची बांधी, बांध घातलेलं भातशेत. "जाळ्यात येईस्तोवर मासोळी आपली नसते," एवढंच तो म्हणायचा आणि जाळं विणत बसायचा.

बाटल्यांचं खोकं बाजूला सारून तिने औषध निरीक्षकांना फोन लावला. आपण चुकत असू, या दुकानाचं नाव मातीत जाईल, लोक हसतील, असं वाटत असतानाच तिने सगळं सांगितलं. निरीक्षकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विक्री बंद करा. सील न फोडलेल्या बाटल्या कुलपात ठेवा, मी निघतोच. आणि ज्यांना ज्यांना दिली आहे, त्यांच्याकडून परत आणता येईल तेवढी आणा. पावसाने रस्ते बंद व्हायच्या आत."

मग तिने चंदनला फोन केला. हा माल आणखी कुठे कुठे गेला ते त्याला माहीत असणार. ऐकून तो आवाज खाली आणून बोलला.

"मॅडम, कोणाकोणाले सांगितलं?"

"निरीक्षकाले. काऊन?"

"अरे बापा. थोडं थांबाचं होतं ना. पाहा, माह्यं ऐका. आता बाजार चालू आहे. भाव वर आहे. आधी आपले शेअर काढून घ्या, मंग काय बोलाचं ते बोला. बातमी फुटली की घेणारा नाई भेटणार. सासऱ्याचा पैसा आहे म्हणत होते ना तुम्ही?"

"चंदनभाऊ, माही पोट्टी मुतून नाई राह्यली."

तिने फोन कापला.

खोकं कुलपात ठेवून तिने मंगलीला पिंटूजवळ राहायला गडचिरोलीच्या बसमध्ये बसवलं. घरी पोहोचली तेव्हा दारात जीप उभी होती आणि गुणवंतराव रिंकूला चादरीत गुंडाळून कडेवर घेऊन होते. पोरीचे डोळे जड झाले होते. पापण्या सुजल्यासारख्या वाटत होत्या, की आपल्यालाच तसं दिसतंय, दिव्यानीला कळेना. बांधीतून धावत आलेला धनराज चिखलाच्या पायांनी तसाच उभा होता.

"बस गाडीत," तो म्हणाला. "गावाईत मी जातो. बाटल्या मी गोळा करतो."

"कोणाकोणाले देल्ली ते तुमाले कुठं मालूम?"

"बिलात पाहतो."

"खेड्यावरचे लोकं बिल घेते काय? मले तोंडं आठवते त्याईचे. नावंबी नाई आठवत. फक्त तोंडं."

जीपचं इंजिन चालू होतं. रिंकूने आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती. तिच्या बोटांतून ते टोक सोडवावं लागलं. जन्मात कधी कुठलं काम दिव्यानीला एवढं जड गेलं नव्हतं.

गुणवंतराव इंदिराबाईंसोबत गाडीत बसले आणि मग काच खाली करून त्यांनी विचारलं, "हे तेच कंपनी होय काय? आपली?"

"हाव मामाजी."

त्यांच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. "बरं," ते म्हणाले. "आधी पोट्टीचं पाहू." आणि जीप निघाली.

धनराजच्या मोटरसायकलवर मागे बसून ती जंगलात शिरली. आभाळ सागाच्या शेंड्यांवर टेकलं होतं. पहिल्याच वळणानंतर मोबाइलची रेंज गेली, आणि रिंकूचं काय होतंय हे कळायची वाट बंद झाली. प्रत्येक खड्ड्यागणिक तिला वाटे, परत फिरावं. प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढे आणखी एक तोंड येई. नाकात दोन्ही बाजूंना फुल्या असलेली म्हातारी. घामेजलेले पैसे मुठीत घेऊन आलेला तरुण बाप. एक हसरी बाई, जिने दोन बाटल्या मागितल्या होत्या आणि दिव्यानीने दिल्या होत्या.

फुल्यांवाली म्हातारी सापडली. तिने बाटली तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवली होती, कारण महाग वस्तू होती. सोडायला तयार होईना. "नातवाचा खोकला बसला न् व याच्यानं! चांगलं औषध आहे." दिव्यानीने पाय धरले तेव्हा तिने दिली. नातू अंगणात टायर फिरवत होता. त्याला एकच चमचा मिळाला होता. तरुण बापाच्या घरी बाटली रिकामी होती; त्याने ती स्वतःच पिऊन टाकली होती, लेकराला थेंबही नव्हता दिला, आणि हे सांगताना तो लाजेने मान वर करेना. दिव्यानीला त्याला मिठी मारावीशी वाटली. तरी तिने त्यालाही दवाखान्यात निघायला सांगितलं.

कोसमटोल्यात चैतूच्या घराला कडी होती. दाराशी चैतूचा म्हातारा बाप उकिडवा बसला होता. त्याने तिला ओळखलं.

"तूच ना मेडिकलवाली?"

"हाव बाबा."

"ते औषध होतं का जहर?"

आजूबाजूची माणसं गोळा झाली. कुणी जोराने बोलत नव्हतं, आणि तेच जास्त भीतीचं होतं. एका बाप्याने मोटरसायकलची चावी काढून घेतली. धनराज पुढे सरकला, तसं दिव्यानीने त्याला हाताने मागे केलं.

"मले मालूम नोतं बाबा," ती म्हणाली. "मी माह्या पोट्टीलेबी तेच पाजलं. ते तिकडं दवाखान्यात आहे अन् मी इथी आहे. मले शिव्या देजा, माराचं तर मारजा, पण आधी बाटल्या आणून द्या. ज्याच्या घरी असन त्यानं."

म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला आणि बायका घरात गेल्या. बाटल्या आल्या. चावीही आली.

राहिली होती ती हसरी बाई. टोल्यातल्या बायकांनी सांगितलं, तिचं नाव सुकरी, आणि ती राहायची नाल्यापलीकडच्या घरात. नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, पाण्याखाली गेला होता. लाल पाणी फांद्या घेऊन वाहत होतं. धनराजने काठी टाकून पाहिली, मांडीपर्यंत बुडाली. बोडीत जन्म घालवलेल्या माणसाने पाण्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "माह्या खांद्याले धर. खाली पाहू नोको." मधोमध पोहोचल्यावर एक ओंडका त्यांच्या पायाला घासून गेला. दिव्यानीचा एक पाय सुटला. तिने नवऱ्याच्या खांद्यात नखं रोवली आणि ओरडलीसुद्धा नाही, कारण तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त दोन बाटल्या होत्या.

सुकरी दारातच भेटली. हसली. "ताई? इतक्या पाण्यात?"

"ते खोकल्याचं औषध कुठी आहे?"

"हे का," तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. एक बाटली बंद होती, दुसरी अर्धी. "आता थोड्या वेळापूर्वीच पाजलं. झोपला पाहा छान."

आत, खाटेवर, लेकरू उताणं पडलं होतं. तोंड उघडं. दिव्यानी वाकली. तिने त्याच्या पापण्या पाहिल्या, पोटाला हात लावला. तिला काही समजेना. तिने त्याला हलवलं. ते हललं नाही. पुन्हा हलवलं, जोरात, आणि सुकरीच्या तोंडावरचं हसू गेलं.

"काय झालं ताई? काय झालं माह्या लेकराले?"

लेकराने डोळे उघडले, अनोळखी बाई पाहून भोकाड पसरलं, "यायो!" म्हणून आईकडे झेपावलं, आणि मग खाटेवरून उतरून, डोळे चोळत, कुडाशी जाऊन उभं राहिलं. चड्डी खाली केली. धार लागली. चांगली लांब धार.

दिव्यानी तिथेच मातीत बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. सुकरी काही न समजून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तरी तिने लेकराला तिथे ठेवलं नाही. धनराजने त्याला खांद्यावर घेतलं आणि ते चौघं त्याच पाण्यातून परत आले.

डांबरी रस्त्यावर त्यांनी सुकरीला आणि लेकराला गडचिरोलीच्या बसमध्ये बसवलं आणि पुढे निघाल्यावर रेंज आली. फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. इंदिराबाईंचे कितीतरी मिस कॉल होते. दिव्यानीला बोट पुढे करवेना. शेवटी धनराजने गाडी बाजूला घेतली, फोन तिच्या हातून घेतला आणि वडिलांना लावला. तो नुसताच "हाव, हाव" म्हणत होता. त्याच्या मानेची शीर उडताना तिला दिसत होती.

"नागपूरले नेऊन राह्यले," तो म्हणाला. "रक्तात काई वाढलं म्हणे. रक्त साफ कराची मशीन लावा लागन. पण जीत्ती आहे दिव्यानी. बोलून राह्यली. पाणी मागून राह्यली."

मग परत फोन वाजला. चंदन.

"मॅडम, मी माह्ये काढले. तुमचे राह्यले असतीन तर अजून टाइम आहे. बाजार बंद व्हाचा आहे."

तिने फोन ठेवला आणि खातं उघडलं. स्क्रीनवर सासऱ्यांच्या खात्यातले शेअर दिसत होते. भाव सकाळपेक्षाही वर होता. विकायचं बटण लाल रंगाचं होतं. मशीन, नागपूर, खोली, औषधं. पैसे लागणार होते आणि ते इथे होते, अंगठ्याखाली. तिच्या मनात आलं, विकले तर कुणीतरी घेईल. असाच कुठला तरी मेडिकलवाला, मास्तर, गार्ड, जो आज भाव चढलाय म्हणून खूश असेल. त्याला आत काय आहे ते माहीत नसेल. पिशवीतल्या बाटल्या मोटरसायकलच्या हँडलला लागून किणकिणत होत्या.

तिने फोन बंद केला. तो निर्णय चांगला की वेडा, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि रात्री नागपूरच्या दवाखान्यात काचेपलीकडे नळ्या लावलेली पोर पाहताना तर तिला स्वतःचा भयंकर राग आला.

पिंटू तिसऱ्या दिवशी गेला. शेजारची मुलगी वाचली. रिंकूला मशीनवर ठेवलं होतं तेवढे दिवस दिव्यानी खाटेखाली लावलेल्या लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे पाहत बसे. ज्या पहाटे नर्सने पिशवी उचलून पिवळे थेंब दाखवले, त्या पहाटे इंदिराबाईंनी भर वॉर्डात नर्सच्या पायावर डोकं ठेवलं.

तपासणीत सिरप विषारी निघालं. बातमी फुटली त्या सकाळी अर्चिषाचा शेअर पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला, मग विकायला लोक उभे होते आणि घ्यायला कुणी नव्हतं. पुढे त्याची खरेदी-विक्रीच थांबली. नागपूरचा खर्च धानाची एक बांधी विकून भागवला.

गुणवंतरावांनी एकदाच विचारलं. रिंकू घरी आली होती, अंगणात कोंबडीच्या मागे पळत होती.

"बाई, तुले तर आधी मालूम झालतं. मंग विकले काऊन नाई?"

"विकले असते तर दुसऱ्या कोणीतरी घेतले असते मामाजी. मालूम असताना बाटली देल्ली असती कोणाले, तर तुम्ही मले घरात ठेवलं असतं?"

म्हाताऱ्याने मान हलवली. ती पटल्याची होती की नुसत्या दुःखाची, हे तिला कधीच समजलं नाही. त्यानंतर बसस्टँडवर बसणं त्यांनी सोडलं.

चौकशी झाली. माल पक्क्या बिलाचा होता, बाटल्या परत आणल्या होत्या, म्हणून तिचा परवाना वाचला. चिठ्ठीशिवाय लेकराचं औषध दिल्याबद्दल काही दिवस दुकान बंद ठेवावं लागलं. ते उघडलं तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एकेक जण यायला लागला, कारण दुसरं मेडिकल लांब होतं.

एक दिवस संध्याकाळी चैतू आला. पिंटूचा बाप. दिव्यानीला वाटलं, हा आता आत येईल, कपाटं पाडेल. आणि पाडली तर ती अडवणार नव्हती. त्याने दवाखान्याची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. बायकोला ताप होता. ती पोटुशी होती.

दिव्यानीने गोळ्या काढल्या. पाकिटावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, कंपनी वाचली, पुन्हा वाचली. चैतू तिच्या हातांकडे पाहत होता.

"हे बराबर आहे ना?" त्याने विचारलं.

आधी ती अशा वेळी लगेच 'हाव' म्हणायची, न पाहता, हसून.

"चिठ्ठीत लिहिलं तेच आहे," ती म्हणाली. "आत काय भरलं ते मले दिसत नाई, चैतूभाऊ. ताप उतरला नाई, उलटी झाली, काहीबी वेगळं वाटलं, तर गोळी बंद करजा अन् दवाखान्यात नेजा. मले फोन करजा. मी येतो."

तो गोळ्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. बाहेर बसचा हॉर्न वाजला, टोल्याकडे जाणारी शेवटची बस. तो एकदा बसकडे आणि एकदा गोळ्यांकडे पाहत होता. मग त्याने त्या खिशात घातल्या आणि तो निघाला. बस सुटेपर्यंत दिव्यानी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली, आणि फोन हातातच धरून बसली.